उंदराच्या हालचालीतून औषधाची पारख

रक्तदाबाचे औषध लागू पडले की नाही, हे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगता येते. मधुमेहाच्या औषधाची पारख रक्तातली साखर मोजून करता येते. भीती कमी झाली का, आठवण टिकली का, मनाने उभारी धरली का, यासाठी मात्र असे एकक नाही. माणूस निदान बोलून सांगतो. प्रयोगशाळेतल्या उंदराची तीही सोय नाही. म्हणून मेंदूविज्ञानात आणि मेंदूवर काम करणाऱ्या औषधांच्या संशोधनात प्राण्याचे वर्तन मोजतात. हाती येणारे आकडे बहुतेक तीनच प्रकारचे असतात. प्राणी किती अंतर चालला, एखाद्या जागी किती वेळ राहिला आणि एखादी कृती त्याने किती वेळा केली. ‘उंदीर उघड्या फळीवर ७० सेकंद होता’ ही नोंद झाली. ‘उंदराची भीती कमी झाली’ हा तर्क झाला. नोंदीकडून तर्काकडे जाताना बाकीच्या शक्यता किती काटेकोरपणे खोडून काढल्या, यावरच अशा प्रयोगाची किंमत ठरते. उपकरण किती महागडे होते, यावर ती ठरत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्राण्यांच्या बुद्धीचे शास्त्र म्हणजे बहुतांशी किश्श्यांचा संग्रह होता. डार्विनचा तरुण सहकारी जॉर्ज रोमानेस याने १८८२ मध्ये अशा किश्श्यांचे जाडजूड पुस्तक काढले. दाराची कडी उघडणाऱ्या मांजरी त्यात होत्या. मांजरी बुद्धी चालवून कडी उघडतात, हाच दावा अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्ये तपासायला घेतला. भुकेल्या मांजराला फळ्यांच्या पेटीत कोंडायचे, दोर ओढला किंवा खटका दाबला की दार उघडेल अशी व्यवस्था करायची, बाहेर खाऊ ठेवायचा आणि सुटकेला लागलेला वेळ घड्याळाने मोजायचा. मांजर आधी ओरबाडते, चावते, फटीतून पंजा बाहेर काढते; केव्हातरी खटका अनायासे दाबला जातो. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर लागणारा वेळ कमी होत जातो. युक्ती एकदम सुचली असती, तर वेळ एका झटक्यात खाली आला असता. थॉर्नडाइकचे आलेख चढउतार घेत हळूहळू उतरत होते. मांजर ‘विचार करून’ कडी उघडते या समजुतीला एका घड्याळाने असा छेद दिला.

पुढची काही दशके उपकरणांची होती. १९०१ मध्ये विलार्ड स्मॉलने इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेतल्या भूलभुलैयाच्या आराखड्यावर उंदरांसाठी छोटा भूलभुलैया बांधला. १९३४ मध्ये कॅल्व्हिन हॉलने रॅटला, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराला, मोकळ्या गोल मैदानात सोडून त्याची भावनिक अस्वस्थता मोजण्याची पद्धत मांडली. त्याच दशकात बी. एफ. स्किनरने खटक्याची पेटी तयार केली. उंदराने खटका दाबला की खाद्याची गोळी पडते, आणि सरकत्या कागदाच्या पट्टीवरचे पेन दर दाबाला एक पायरी वर चढते. रेघ जितकी उभी तितका दाबण्याचा वेग जास्त. प्रयोगकर्त्याला पेटीत डोकावण्याचीही गरज उरली नाही.

न डोकावण्याचे महत्त्व बर्लिनमध्ये आधीच पटले होते. विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो, अशी त्याची ख्याती होती. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी बारकाईने तपास करून १९०७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसले की घोड्याचेही उत्तर चुकायचे. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि खांद्यांची किंचित हालचाल व्हायची. घोडा ती टिपून थांबायचा. फसवणूक कोणीही करत नव्हते, मालक तर मुळीच नाही. कोणत्या पिंजऱ्यातल्या उंदराला औषध दिले आणि कोणाला नुसते खारे पाणी, हे निरीक्षकाला कळू द्यायचे नाही, हा आजचा नियम अशाच अनुभवातून पक्का झाला. १९६३ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी विद्यार्थ्यांना एकाच वाणाचे रॅट वाटले. काहींना सांगितले, हे भूलभुलैयात हुशार. बाकीच्यांना सांगितले, हे मठ्ठ. ‘हुशार’ ठरवलेल्या रॅटची कामगिरी खरोखरच सरस नोंदली गेली.

औषधशास्त्रात वर्तनाचे मोजमाप ठामपणे आले ते १९५०च्या दशकात. पुढे मनोविकारांवर वापरले गेलेले क्लोरप्रोमझीन हे औषध फ्रान्समध्ये १९५० च्या अखेरीस तयार झाले. त्याचे प्राण्यांवरचे काम सिमोन कूर्व्हॉझिए आणि सहकाऱ्यांनी केले, आणि त्यातला दोराचा प्रयोग आजही शिकवण्याजोगा आहे. पिंजऱ्याची जमीन धातूच्या गजांची, वरून एक दोर लोंबलेला. घंटी वाजते, आणि काही सेकंदांनी गजांतून विजेचा झटका येतो. दोरावर चढले की झटक्यातून सुटका. थोड्याच दिवसांत रॅट घंटी वाजताच चढू लागतो. मग त्याला क्लोरप्रोमझीन देतात. आता घंटी वाजते आणि तो जागचा हलत नाही. झटका आला की मात्र झटकन दोर चढतो. हे दुसरे निरीक्षण नसते, तर पहिल्याला काही अर्थ राहिला नसता. रॅट चढू शकतो, म्हणजे स्नायू शाबूत आहेत. झटका त्याला जाणवतो, म्हणजे बधिरता नाही. तो झोपलेलाही नाही. गेली आहे ती फक्त घंटीची धास्ती. झोपेच्या जुन्या औषधांनी घंटीला मिळणारा प्रतिसाद बंद पाडायचा, तर इतकी मात्रा लागे की झटक्यालाही प्रतिसाद राहत नसे. हे निष्कर्ष १९५३ मध्ये छापून आले, तोवर पॅरिसमध्ये ज्याँ डले आणि पिएर डेनिकर यांनी मनोरुग्णांना ते औषध देऊन पाहिलेही होते.

या चाचणीची एक मर्यादा मागाहून लक्षात आली, आणि ती साऱ्या क्षेत्राला लागू आहे. क्लोरप्रोमझीनच्या गुणावरून चाचणी बेतली, की ती क्लोरप्रोमझीनसारखीच औषधे निवडून काढते. पुढे कळले की ही औषधे मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे काम अडवतात. घंटीला प्रतिसाद न देणारा रॅट मुख्यतः त्याच परिणामाची ग्वाही देत होता. स्किझोफ्रेनियाची औषधे पुढची कित्येक दशके त्याच एका वाटेने आली, त्यात या चाचणीचाही वाटा होता.

१९५५ मध्ये हार्वर्डमधल्या पीटर ड्यूज यांनी कबुतरांवर केलेला प्रयोग आणखी खोल जातो. कबुतर चोचीने बटण टोचते आणि दाणे मिळवते. एका पद्धतीत ठरावीक ५० टोचे झाले की दाणे. दुसरीत ठरावीक १५ मिनिटे उलटल्यावरच्या पहिल्या टोच्याला दाणे. दोन्ही पद्धतींतली कबुतरे सारखीच भुकेली, बक्षीस तेच, बटण तेच. पेंटोबार्बिटल या गुंगीच्या औषधाच्या एकाच मात्रेने दुसऱ्या पद्धतीतले टोचणे मंदावले, पहिल्या पद्धतीतले टिकून राहिले किंवा वाढले. मग हे औषध भूक मारते म्हणायचे की वाढवते? औषधाचा परिणाम त्याच्या रेणूइतकाच प्राणी त्या वेळी काय करत होता, यावरही अवलंबून असतो, ही गोष्ट ड्यूज यांच्यामुळे औषधशास्त्रात रुजली.

याच काळात एक धागा मुंबईतून निघाला. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावरचा तिचा परिणाम मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले. रिसर्पिन दिलेले प्राणी सुस्त होऊन पडतात, हे लवकरच दिसले. स्वीडनमध्ये अर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशाच सशांना एल-डोपा हे रसायन टोचले. पापण्या मिटून, कान पाडून निश्चल पडलेले ससे थोड्याच वेळात कान टवकारून उठले आणि फिरू लागले. सेरोटोनिन वाढवणाऱ्या पदार्थाने हे घडले नाही. इथे ना भूलभुलैया होता, ना खटक्याची पेटी. सशाचा कान हेच मोजमाप. एल-डोपापासून बनणारे डोपामिन मेंदूत स्वतंत्र काम करते, हे कार्लसन यांनी त्यापुढे दाखवले. पार्किन्सनच्या कंपवातावर आजही दिले जाणारे एल-डोपा याच वाटेने आले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

कोणत्याही नव्या रसायनाची पहिली तपासणी आजही अशाच साध्या नजरेने होते. सॅम्युएल अर्विन यांनी १९६८ मध्ये तिला शिस्त लावली. औषध दिल्यावर ठरावीक वेळांनी उंदीर उचलून, चालवून, हलकेच टोचून पाहायचा आणि यादीप्रमाणे गुण द्यायचे. चाल अडखळते का, अंगाला थरथर आहे का, बाहुल्या मोठ्या झाल्या का, लाळ गळते का, अंगाचे तापमान किती, पंजाची पकड कशी. मॉर्फिनने माऊसची, म्हणजे लहान जातीच्या उंदराची, शेपटी ताठ होऊन पाठीवर कमानीसारखी वळते. जर्मन औषधशास्त्रज्ञ वॉल्थर श्ट्राउब यांनी १९११ मध्ये हे नोंदवले आणि ती खूण अजून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नवे औषध माणसाला प्रथम देण्यापूर्वी मेंदू, हृदय आणि श्वसन या तिन्हींवरचा परिणाम तपासावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्यातल्या मेंदूच्या भागासाठी अर्विन यांची यादी किंवा तिची सुधारलेली रूपे वापरतात.

महाराष्ट्रात बी. फार्म. केलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना यातली काही उपकरणे हाताळलेली आठवतील. प्रकाशाच्या किरणांत अडथळा आला की हालचाल मोजणारा ॲक्टोफोटोमीटर, ५५ अंशांच्या आसपास तापवलेली हॉट प्लेट आणि कूर्व्हॉझिए यांच्या दोराच्या जागी लाकडी खांब असलेले ‘कुक्स पोल’. आता ही प्रात्यक्षिके बहुतेक ठिकाणी संगणकावरच्या आभासी प्रयोगांनी होतात. शिकण्यासाठी प्राणी वापरण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. रोटारॉड हे उपकरण मात्र वेगळ्या अर्थाने मोलाचे आहे. १९५७ पासून वापरात असलेल्या या फिरत्या दांड्यावर उंदीर किती वेळ तोल सांभाळतो, ते मोजतात. एखादे औषध चिंता किंवा वेदना कमी करते असे म्हणण्यापूर्वी त्याच मात्रेने उंदीर दांड्यावरून पडत नाही ना, हे पाहावेच लागते. ज्याचे पायच लटपटतात, तो गरम पत्र्यावरून पाय उचलायलाही उशीर लावणार.

चिंतेच्या चाचण्यांत सर्वाधिक वापर अधिक-चिन्हाच्या आकाराच्या उंच चौकटीचा होतो. जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर चार फांद्या. दोघींना भिंती, दोघी उघड्या. उंदराला मध्यभागी ठेवतात आणि पाच मिनिटे सोडतात. नवी जागा हुंगण्याची ओढ आणि उघड्यावर जाण्याचे भय यांत तो अडकतो. सँड्रा फाइल आणि शॅरन पेलो यांच्या गटाने १९८५ मध्ये रॅटसाठी ही पद्धत पारखून मांडली. डायझेपामसारखी चिंताशामके दिली की उघड्या फांद्यांवरचा वेळ वाढतो. पण नुसतीच धावपळ वाढवणारे उत्तेजक दिले तरी उंदीर चारही फांद्यांवर जास्त फिरतो. म्हणून बंद फांद्यांतल्या खेपाही मोजतात. त्या वाढल्या असतील, तर उघड्या फांदीवरचा आकडा धीटपणाचा पुरावा ठरत नाही. शिवाय एकदा या फांद्या पाहिलेल्या उंदरावर दुसऱ्या वेळी डायझेपामचा परिणाम जवळजवळ दिसेनासा होतो. पाच मिनिटांच्या एका अनुभवाने चाचणीच बदलून जाते. त्यामुळे तोच उंदीर औषधाआधी आणि औषधानंतर वापरण्याची सोपी वाट इथे बंद आहे.

स्मृतीच्या मोजमापात रिचर्ड मॉरिस यांचे जलकुंड आदर्श मानले जाते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी ते तयार केले आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. मोठे गोल कुंड, त्यात दूध घालून गढूळ केलेले कोमट पाणी, आणि पाण्याखाली जेमतेम बुडालेला एक छोटा चौथरा. तो दिसत नाही, त्याला वास नाही. रॅट चांगला पोहतो, पण पाण्यात राहणे त्याला आवडत नाही. पहिल्या खेपेला तो काठाकाठाने फेऱ्या मारतो, मग मध्ये येतो आणि कधीतरी पायाला चौथरा लागतो. दर खेपेला त्याला वेगळ्या बाजूने सोडतात, म्हणजे ‘डावीकडे वळ’ असा पाठ उपयोगी पडत नाही. खोलीतला दरवाजा, भिंतीवरचा तक्ता, दिवा यांच्या संदर्भानेच जागा ध्यानात ठेवावी लागते. काही दिवसांत तो कुठूनही सोडला तरी सरळ चौथऱ्याकडे पोहत जातो.

यानंतरची फेरी निर्णायक असते. चौथरा काढून घेतात आणि रॅटला मिनिटभर पोहू देतात. शिकलेला रॅट पूर्वीच्या जागेवर घिरट्या घालतो, पुढे जाऊन परत वळतो, त्याच चतकोरात बराच वेळ शोधतो. १९८२ मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग निकामी केलेल्या रॅटना हे जमत नाही. त्याच रॅटना चौथरा पाण्यावर दिसेल असा ठेवला तर ते तिथे पोचतात. पोहता येते, दिसते, बाहेर पडण्याची इच्छाही आहे. जागेची आठवण तेवढी नाही.

दिसणाऱ्या चौथऱ्याची ही फेरी वेळ वाचवण्यासाठी गाळली, की काय होते ते माऊसच्या वाणांनी शिकवले. सी३एच आणि एफव्हीबी हे प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे वाण डोळ्यांच्या पडद्याचा जन्मजात दोष घेऊन येतात. दूध सुटण्याच्या वयापर्यंत त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली असते. जनुकात फेरफार केलेला माऊस अशा वाणात वाढवला आणि जलकुंडात नापास झाला, तर स्मृतीचे जनुक सापडल्याचा भास होऊ शकतो. सापडलेले असते ते आंधळेपण. काही माऊस तर पोहतच नाहीत, नुसते तरंगत राहतात. ‘चौथऱ्यापर्यंत लागलेला वेळ’ हा एकच आकडा पाहणाऱ्याला तेही विसरभोळे वाटतात.

सर्वांत मोठा वाद ज्या चाचणीवर झाला तीही पाण्याचीच आहे. रोजे पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये ती मांडली. रॅट किंवा माऊसला बाहेर पडता येणार नाही अशा उंच काचपात्रातल्या पाण्यात ठेवायचे. तो आधी धडपडतो, मग नाक पाण्यावर ठेवण्यापुरती हालचाल करून तरंगतो. या निश्चलतेला पोर्सोल्ट यांनी वर्तनातील निराशा म्हटले. नैराश्यावरची तेव्हाची औषधे दिली की निश्चलतेचा वेळ कमी होत असे. चाचणी स्वस्त, झटपट आणि मोजायला सोपी. त्यामुळे ती जगभर पसरली आणि वापराच्या ओघात तिचा अर्थही ताणला गेला. औषधे चाळण्यासाठी बनवलेल्या चाळणीला नैराश्य मोजण्याचे माप समजले जाऊ लागले. बाहेर वाट नाही हे कळल्यावर शक्ती राखून तरंगणे हे शिकलेले शहाणपणही असू शकते. माणसात नैराश्याच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, इथे एक-दोन दिवसांतल्या मात्रांनी आकडा बदलतो. प्रोझॅकच्या गटातली औषधे मूळ पद्धतीत नीट दिसतही नसत; १९९०च्या दशकात पोहणे आणि भिंतीवर चढणे वेगळे मोजू लागल्यावर ती दिसली. तरंगणाऱ्या उंदराला ‘नैराश्यग्रस्त’ म्हणणाऱ्या शोधनिबंधांनी विज्ञानाचे नुकसान केले आहे, आणि त्या उंदरांचे हालही कारणी लावले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२४ मध्ये या चाचणीवर कायद्याने बंदी आणली.

मोजणाराच मोजमापात कसा मिसळतो, याचा पुरावा वेदनेच्या संशोधनात मिळाला. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गरम पाण्यातून शेपटी किती लवकर काढली जाते, यावर प्रयोग कोणी केला याचा प्रभाव माऊसच्या वाणापेक्षाही मोठा निघाला. २०१४ मध्ये त्याच गटाने दाखवले की पुरुष संशोधक खोलीत असताना उंदीर वेदना कमी दाखवतात. पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला तरी तोच परिणाम. वासाने ताण वाढतो आणि ताणाने वेदना दबते. याच गटाने २०१० मध्ये माऊसच्या चेहऱ्यावरून वेदना वाचण्याची पद्धत तयार केली. डोळे आवळणे, नाक आणि गाल फुगणे, कान मागे जाणे, मिशांची ठेवण, अशा पाच खुणांना शून्य ते दोन गुण. लिव्हरपूल विद्यापीठात जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्येच आणखी साधी गोष्ट पुढे आणली. माऊसला शेपटीने उचलण्याची सर्वत्र रूढ रीत त्याची चिंता वाढवते. ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले माऊस हाताजवळ आपणहून येतात आणि चाचणीत धीट वागतात.

१९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला जॉन क्रॅब, डग्लस वाल्स्टेन आणि ब्रूस ड्यूडेक यांचा निबंध या सगळ्यांत अधिक अस्वस्थ करणारा. ऑल्बनी, पोर्टलंड आणि एडमंटन या तीन शहरांत त्यांनी एकाच वेळी एकच प्रयोग केला. माऊसचे वाण तेच, वय तेच, उपकरणे तीच, दिव्यांच्या वेळा जुळवलेल्या, चाचण्यांचा क्रमही तोच. तरी निकाल जागोजागी वेगळे आले. कोणता वाण मद्याचे पाणी पसंत करतो यासारखे ठळक फरक तिन्हीकडे जुळले. अधिक-चिन्हासारख्या चाचणीतले बारीक फरक जुळले नाहीत. एडमंटनमधल्या प्रयोगकर्त्याला उंदरांची ॲलर्जी असल्याने श्वसनयंत्र लावून काम करावे लागे. त्याच्या पंख्याचा आवाज उंदरांना कसा वाटला असेल, हे कोणत्याच नियमावलीत लिहिलेले नव्हते. याचा अर्थ वर्तनाचे आकडे निरर्थक आहेत असा होत नाही. एका प्रयोगशाळेत एकदा दिसलेल्या छोट्या फरकावर औषधाचा डोलारा उभारू नये, एवढा अर्थ नक्की होतो.

यातून आलेले कामाचे नियम आता सर्वमान्य आहेत. कोणाला औषध आणि कोणाला खारे पाणी हे चिठ्ठीने ठरवणे, निरीक्षकाला ते कळू न देणे, प्राण्यांची संख्या आधीच हिशेब करून ठरवणे. एका विणीतली दहा पिल्ले म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. आई एक, पिंजरा एक, दूध एक. उंदीर निशाचर असून चाचण्या दिवसा कामाच्या वेळेत उरकल्या जातात, हा दोष मात्र अजून पुष्कळ ठिकाणी तसाच आहे. २०१० मध्ये आलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या ‘अराइव्ह’ नियमावलीत हे सर्व तपशील निबंधात छापण्याची अपेक्षा आहे. प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटवणे आणि त्यांचा त्रास कमी करणे, ही विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांची १९५९ची त्रिसूत्री इथे थेट उपयोगी पडते. घाबरलेल्या, दुखणाऱ्या प्राण्याचे आकडेही विस्कळीत येतात.

उंदराहून लहान प्राण्यांनी वेगळे दार उघडले. सीमोर बेन्झर आणि रोनाल्ड कोनोप्का यांनी १९७१ मध्ये दिवस-रात्रीचे चक्र बिघडलेल्या फळमाश्या शोधल्या. त्या बिघाडामागच्या जनुकावरच्या पुढच्या कामाला २०१७चे नोबेल मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकात वास आणि चव न ओळखणाऱ्या माश्या वर्तनावरून निवडून काढल्या आणि भारतात या विद्याशाखेचा पाया घातला. आठवडाभराच्या झेब्रामाशाच्या पिल्लांना ९६ खळग्यांच्या तबकडीत ठेवून, वर कॅमेरा लावून, हजारो रसायनांचा झोपेवरचा आणि हालचालीवरचा परिणाम एकाच प्रकल्पात पाहता येतो, हे २०१० मध्ये हार्वर्डच्या गटाने दाखवले.

डोळ्यांनी आणि स्टॉपवॉचने करायचे काम आता कॅमेरा आणि संगणक करतात. २०१८ मध्ये मॅकेन्झी आणि अलेक्झांडर मॅथिस यांच्या गटाने मोफत उपलब्ध केलेल्या ‘डीपलॅबकट’ला शे-दोनशे चित्रांवर नाक, कान, पंजे, शेपटीचे मूळ दाखवून दिले की पुढच्या चित्रफितींत ते स्वतः शोधते. हार्वर्डमध्ये संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०१५ मध्ये खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्याने माऊसच्या हालचालींचे सेकंदाहून छोटे तुकडे पाडले. वळणे, थबकणे, मान वर करणे, मागच्या पायांवर उभे राहणे. कोणता तुकडा कोणत्या तुकड्यानंतर येतो, यावरून औषध आणि त्याची मात्राही ओळखता येते, असे त्यांनी २०२० मध्ये दाखवले. इथे ‘भीती’ किंवा ‘निराशा’ असे नाव आधी द्यावे लागत नाही. नाव मात्र नंतर कोणीतरी द्यावेच लागते, आणि तिथे जुना प्रश्न तसाच उभा राहतो.

या दिशेने सर्वांत लांब पोचलेले उदाहरण उलोटारॉन्ट या रेणूचे. सायकोजेनिक्स या अमेरिकी कंपनीने ‘स्मार्टक्यूब’ नावाची पेटी बनवली. माऊसला तिच्यात क्रमाने वेगवेगळे अनुभव दिले जातात, कॅमेरे आणि दाबमापके त्याच्या असंख्य हालचाली टिपतात, आणि संगणक ती नक्षी ज्ञात औषधांच्या नक्षीशी ताडून पाहतो. सनोव्हियन कंपनीबरोबर केलेल्या शोधात स्किझोफ्रेनियाच्या औषधांसारखी नक्षी दाखवणारा, पण डोपामिनला थेट न अडवणारा हा रेणू हाती लागला. कूर्व्हॉझिए यांच्या दोरापासून चालत आलेला साचा मोडला, असे वाटण्याजोगी ही घटना होती. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चार आठवड्यांच्या चाचणीत रुग्णांना त्याचा गुण दिसला. २०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत तो औषधविरहित गोळीपेक्षा ठामपणे सरस ठरला नाही. दोन्ही चाचण्यांत नुसती गोळी घेणारे रुग्णही बरेच सुधारलेले दिसले. ही सुधारणा मोजली गेली ती मुलाखत घेणाऱ्या तज्ज्ञाने तीस लक्षणांना एक ते सात असे गुण देऊन, म्हणजे माणसाच्या बाबतीतही वर्तन पाहून आणि ऐकूनच.